‘पंढरी’ला जुळणारा शब्द

(शताब्दी सप्ताहात हरिपाठानंतर दिंडीतल्या तरुण भजनी मुलांसमोर झालेले बोलणे. बोलले तसेच येथे दिले आहे.)

महाराज म्हणाले, गुरुजी, पोरं आता गाणी लिहायला लागलीत, त्यांना यमकाचं काहीतरी सांगा. मी म्हणालो, महाराज, मी प्राथमिक शाळेतला मास्तर. कीर्तनाला उभं राहायचा माझा अधिकार नाही आणि कवी म्हणावं एवढं मी लिहिलेलं नाही. पण दिंडीत चाळीसएक वर्षं टाळ धरला आणि तेवढीच वर्षं मुक्कामाला म्हणायची पदं जुळवली. त्यातली बरीच फसली. फसलेल्याचं सांगायला काय हरकत आहे, म्हणून उभा राहिलो.

आधी एक गोष्ट बोलून घेतो, नाहीतर जुनी मंडळी माझ्यावर रागावतील. काकडा, वाटेवरचं नेमाचं भजन, हरिपाठ, कीर्तन, इथं संतांचंच म्हणायचं. त्या मालिकेत आपली एक ओळसुद्धा घुसवायची नाही. आपण जे लिहितो ते कुठं म्हणायचं? मुक्कामाला जेवणं झाल्यावर तंबूत बसतो तिथं. गावच्या सप्ताहाचं निमंत्रण द्यायला फिरतो तिथं. पोरांच्या भारुडात. गावातलं कुणी माणूस गेलं तर त्याच्या पुण्यतिथीला, नेमाचं भजन झाल्यावर. आणि त्याला अभंग म्हणू नका. पद म्हणा, गाणं म्हणा. शेवटच्या कडव्यात ‘अमका म्हणे’ करून स्वतःचं नाव तर मुळीच घालू नका. हसू नका, मी तरुणपणी ते पण केलेलं आहे.

आता परवाची गोष्ट. यातलाच एक मुलगा, नाव सांगत नाही, माझ्याकडे वही घेऊन आला. वहीत आठ गाणी. आठही गाण्यांत ‘पंढरी’ आली की पुढच्या चरणात ‘वारी’, नाहीतर ‘घरी’, नाहीतर ‘हरी’. मला म्हणतो, गुरुजी, ‘पंढरी’चं झालं, आता ‘विठ्ठल’ला जुळणारा शब्द सांगा, मोबाईलवर पण सापडंना. मी म्हणालो, बाळा, ‘विठ्ठल’चं आपण बघू, पण ‘पंढरी’चं झालं असं तुला कुणी सांगितलं?

तर त्या मुलाला जे सांगायचं ते आज सगळ्यांसमोर सांगतो.

हिशेब आधी. मोठा अभंग कसा असतो, तोंडानं सगळ्यांना येतो, मोजून कुणी बघितलेला नसतो. एका कडव्यात चार चरण. पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं आणि शेवटच्यात चार. म्हणजे 22 अक्षरं. म्हणून त्याला साडेतीन चरणांचा म्हणतात, शेवटचा अर्धा. नामदेवरायांच्या नावावर असलेल्या एका अभंगातच हा चरणांचा आणि अक्षरांचा हिशेब सांगितलेला आहे. यमक कुठं? दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी. पहिला मोकळा, चौथा मोकळा. लहान अभंगात दोनच चरण, आठ-आठ अक्षरांचे, आणि दोन्हींच्या शेवटी यमक.

अक्षर मोजताना ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. जोडाक्षर एकच धरायचं. ‘विठ्ठल’ तीन अक्षरं, ‘पंढरी’ तीन, ‘पांडुरंग’ चार, ‘माउली’ तीन. बोटावर मोजा. आमच्या वेळी टाळाच्या दोरीला बोट लावून मोजायचो. अक्षर कमी पडलं तर भरतीला ‘हो’, ‘की’, ‘बा’, ‘ते’ टाकायचा मोह होतो. भरतीचा शब्द एखादा चालतो, पण दर चरणात यायला लागला की समजावं, आपल्याकडे सांगायला सहा अक्षरांचंसुद्धा काही नाही.

हे यमक लागतंच कशाला, असं एका शिकलेल्या पोरानं मला विचारलं होतं. शहरातल्या कविता बिनयमकाच्या असतात, हे खरं आहे. पण ती कविता माणूस खुर्चीवर बसून वाचतो. आपलं म्हणणं चालता चालता असतं. दिवे घाट आठवा. पुढं चाल धरणारा, मागं टाळकऱ्यांच्या रांगा, वारा समोरून, खालून गाड्यांचे हॉर्न. पुढचा काय म्हणाला ते शेवटच्या रांगेला निम्मं ऐकू येतं. पण दुसऱ्या चरणाचा शेवट कानावर पडला की तिसरा कुठं जाऊन थांबणार ते त्याला आधीच कळतं, आणि तो बरोबर तिथं येऊन मिळतो. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याच्या तोंडात शेकडो अभंग राहतात, त्यात यमकाचा वाटा मोठा आहे. पुस्तक हातात घेऊन कोण चालतंय? हात टाळात गुंतलेले.

म्हणजे यमक हे लक्षात ठेवण्याचं साधन आहे. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढं मला ते लागणार आहे.

आता शब्दांकडे येऊ. ‘विठ्ठल’ हा यमकाला महाअवघड शब्द. ‘ठ्ठल’ असा शेवट असलेला दुसरा शब्द मला तरी चाळीस वर्षांत सापडला नाही. नुसता ‘ल’ जुळवायचा तर ‘मंगल’, ‘निश्चल’ असले पोथीतले शब्द येतात. ‘केवळ’, ‘निर्मळ’ घेतले तर तिथं ‘ळ’ आहे. गर्दीत खपतं, पण कान असलेल्या माणसाला खुपतं. मग करायचं काय? एक, त्याला हाक मारायची. ‘विठ्ठला’ म्हणालात की ‘मला’, ‘तुला’, ‘चला’, ‘मुला’ सगळे धावत येतात. दोन, नाव बदलायचं. देवाला आपण काही एकाच नावानं बोलवत नाही. ‘विठोबा’ घेतला तर ‘उभा’ जवळ येतो. ‘बा’ आणि ‘भा’, कागदावर चूक दिसते, मृदंगावर चालून जाते. मला स्वतःला हे यमक आवडतं, कारण तो खरोखरच उभा आहे. आणि तिसरा उपाय सगळ्यात सोपा, पण पोरांना तो सुचतच नाही. ‘विठ्ठल’ शब्द चरणाच्या शेवटी ठेवूच नका. आधी ठेवा, मध्ये ठेवा. यमक जिथं पडतं ती जागा सोडून बाकी सगळा चरण मोकळाच असतो. अवघड शब्द आला की पोरगं त्याच्याशी कुस्ती धरून बसतं, वाक्य फिरवून बघत नाही.

‘पांडुरंग’ उलट फार सोपा. रंग, संग, दंग, भंग, मृदंग. इतका सोपा की म्हणणारा ‘पांडुरंग’ म्हणाला की ऐकणारा मनात ‘दंग’ म्हणून मोकळा होतो. तसंच ‘माउली’ आणि ‘सावली’, ‘तुळस’ आणि ‘कळस’. वाईट नाहीत ही यमकं. ‘तुळस-कळस’मध्ये तर अर्धी वारी आली: डोक्यावरची तुळस आणि वाटेच्या शेवटी दिसणारा कळस. पण ज्यानं ते पहिल्यांदा जुळवलं त्याला तो कळस दिसला होता. आपण जुळवतो तेव्हा आपल्याला फक्त यमक दिसतं.

मराठीत दुसरी एक सोय आहे, आणि तीच अडचण आहे. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं. ‘देव आला’, ‘भक्त धाला’, ‘आनंद झाला’. कुठलीही तीन वाक्यं एकाखाली एक लिहिली की यमक झाल्यासारखं वाटतं. करतो-धरतो, येतो-जातो, गावे-ध्यावे. यात कवीनं काही केलेलं नसतं, प्रत्यय आपोआप जुळलेले असतात. ‘आला’ आणि ‘गेला’ तर नीट जुळतसुद्धा नाहीत, नुसता ‘ला’ सारखा आहे, मागचा स्वर वेगळा. ‘आला-झाला’ जुळतं. मी पोरांना सांगतो, एक कडवं असं लिहून बघा की यमकाच्या जागी क्रियापद येणार नाही, वस्तूचं नाव येईल. घाम फुटतो.

वस्तूचं नाव म्हणजे काय, तर ‘टाळ’ घ्या. टाळला काय जुळतं विचारलं तर सगळे ‘माळ’ म्हणतात. मग ‘बाळ’, ‘काळ’, ‘सकाळ’. मी आमच्या वर्गात एकदा असंच विचारलं होतं, तर एक मुलगी म्हणाली, ‘दुष्काळ’. मी गप्प झालो. 1972 चा दुष्काळ मी बघितलाय. सुकडी आणि ती तांबडी मिलो खाऊन माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती, आणि त्या वर्षीसुद्धा आपल्या गावातून वारी गेली होती. थोडी माणसं गेली, पण गेली. टाळ होता आणि दुष्काळ होता. दोन्ही शब्द शेजारी शेजारी जगलेले. मला इतक्या वर्षांत ते यमक सुचलं नव्हतं, कारण मी ‘टाळ’ म्हणालो की देवळातच बघायचो.

संतांकडे बघा. सावता महाराज अरणचे माळी, त्यांच्या बोलण्यात मळा आणि भाजीपाला येतो. जनाबाईकडे जातं आणि दळण-कांडण आहे. सेना महाराज न्हावी, नरहरी महाराज सोनार, ज्याच्या हाताला जे हत्यार होतं ते त्याच्या वाणीत आलं. कुणी शेजाऱ्याच्या घरातून शब्द उसना आणला नाही. आणि आम्ही? आमच्याकडे ट्रॅक्टर आहे, टँकर आहे, ऊसतोड आहे, दुधाची डेअरी आहे, आणि गाण्यात अजून ‘चंदनाची उटी’. ज्यानं कधी चंदन उगाळलं नाही त्यानं लिहायची.

हां, तर ‘पंढरी’. त्या मुलाला मी विचारलं होतं ना, तुझं ‘पंढरी’चं झालं का. मी स्वतः एकदा वहीत मांडून बघितलं होतं. नुसते नीट जुळणारे घेतले तरी पान भरतं. घरी, वरी, तरी, करी, धरी, हरी, खरी, बरी, सरी. मग तीन अक्षरी: भाकरी, चाकरी, ओसरी, पायरी, नगरी, सासरी, नवरी. ‘वारी’ आणि ‘दारी’ तर कडक हिशेबात बसतही नाहीत, ‘ढरी’ आणि ‘वारी’, पण ते आपण आनंदानं चालवून घेतो. यातले किती आपण वापरतो? तीन. ‘भाकरी’ कुणी वापरत नाही. रोज मुक्कामाला किती भाकरी थापल्या जातात, त्या बायांना विचारा. ‘ओसरी’ कुणी वापरत नाही, आणि पावसात कुणाच्या तरी अनोळखी घराच्या ओसरीवर प्रत्येक जण झोपलेला आहे. ‘पायरी’ तर प्रत्यक्ष महाद्वारात आहे, नामदेवरायांची.

पण आज मला सांगायचंय ते ‘घरी’बद्दल. या शब्दानं माझ्याकडून एक पाप करून घेतलंय.

आपले थोरले विणेकरी बाबा, इथल्या वयस्कर मंडळींनी त्यांना बघितलंय. पस्तीस वर्षं आपल्या दिंडीची वीणा त्यांच्या गळ्यात होती. वाटेत ती खाली ठेवायची नसते, म्हणून उभ्यानं पाणी पिणारा माणूस. त्यांच्या घरच्या आक्का, त्या तुळस घेऊन चालायच्या. शेवटच्या वर्षी बाबांचे पाय सुजले, डॉक्टरांनी चालायचं नाही म्हणून सांगितलं. प्रस्थानाच्या आधी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात दिली. आक्का म्हणाल्या, मग मीपण राहते. बाबा म्हणाले, तू जायचं. घराची वारी चुकवायची नाही. आणि माझं काही बरंवाईट झालं तरी मागं फिरायचं नाही. हे बोलणं दाराशी झालं, मी तिथं उभा होतो.

नातेपुत्याच्या मुक्कामाला निरोप आला. पुतण्या जीप घेऊन आला होता. बाबा आदल्या रात्री गेले, सकाळी अग्नी दिला. आम्ही सगळे आक्कांच्या तंबूपाशी गोळा झालो. जीप चालू होती. आक्कांनी एवढंच विचारलं, “अग्नी दिला न्हवं?” तो म्हणाला, दिला. “मग आता म्या यिऊन काय करू? त्येंनी सांगितलंय.” जीप रिकामी परत गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे आक्का तुळस घेऊन रांगेत उभ्या. सदाशिवनगरचं रिंगण झालं, वेळापूर झालं, वाखरी झाली. पंढरीत गेल्यावर देवळात गेल्या नाहीत, बाहेरून कळसाला हात जोडले. त्या सगळ्या वाटेत मी त्यांना रडताना बघितलं नाही. रात्री रडल्या असतील.

गावात आल्यावर काय झालं ते सांगायलाच पाहिजे. लोक बोलले. नवरा गेला आणि ही पंढरीला गेली. बायाही बोलल्या, पुरुषही बोलले. तोंडावर नाही, पाठीमागं. विहिरीवर त्या आल्या की बोलणं थांबायचं.

वर्षानं बाबांची पुण्यतिथी आली. मला सांगितलं, गुरुजी, बाबांवर एक पद करा. मी दोन रात्री बसलो. मोठ्या अभंगाचं मोजमाप घेतलं. पहिल्या कडव्यात बाबा गेले हे सांगायचं होतं. ते आपल्या आधी पंढरीला पोचले, अशी कल्पना सुचली. ‘पंढरी’ दुसऱ्या चरणाच्या शेवटी बसली. आता तिसऱ्याला यमक पाहिजे. हात गेला तो सरळ ‘घरी’वर. आणि ‘घरी’ म्हणालं की घरी कोण? तर बायको. आणि बायको घरी काय करते? तर रडते. बघा, एक शब्द जुळवायला गेलो आणि त्यानं त्याच्यामागं आख्खी गोष्ट ओढून आणली. कडवं असं झालं:

विणेकरी गेले / पुढती पंढरी /
एकलीच घरी / रडे कांता

मोजा, 22 भरतात. एकही अक्षर जास्त नाही. ‘कांता’ हा शब्द आपल्या गावात कुणी कुणाला म्हणत नाही, पण ‘बायको’ला तीन अक्षरं होत होती आणि ‘कांता’ला दोन, म्हणून ती आली. मला तेव्हा हे फार चांगलं वाटलं होतं. पुण्यतिथीला देवळात म्हटलं, लोकांचे डोळे भरून आले. टाळकऱ्यांनी दुसऱ्याच वेळी उचललं, कारण यमक अगदी तयार होतं.

भजन झाल्यावर आक्का प्रसाद वाटत होत्या. माझ्या हातावर खिरापत ठेवली आणि हळूच म्हणाल्या, “गुर्जी, घरी तर त्ये हुते. मी वाटंवर हुते.”

एवढंच. रागानं नाही. चूक दाखवावी तसं.

मी घरी आलो आणि मग मला कळायला लागलं मी काय केलं होतं. त्या बाईनं आयुष्यात सगळ्यात अवघड जे काम केलं, ते मी पुसून टाकलं होतं. आणि गावात पाठीमागं जे चाललं होतं की हिनं घरी राहून रडायला पाहिजे होतं, त्याला मी चाल लावून दिली होती. माझ्या मनात तसं काही नव्हतं. मी तिथं होतो, मी जीप परत जाताना बघितली होती. मला सगळं माहीत होतं. पण लिहिताना मी आठवणीला विचारलंच नाही, यमकाला विचारलं.

परत घेता येईल का, तर नाही. मघाशी म्हणालो ते आठवा, यमक हे लक्षात ठेवायचं साधन आहे. ते खऱ्याला जसं धरून ठेवतं तसंच खोट्याला धरून ठेवतं. साधं खोटं माणूस विसरतो. यमकातलं खोटं पोरांच्या तोंडी बसतं. माझ्याच शाळेतली पोरं मधल्या सुट्टीत म्हणायची, ‘एकलीच घरी रडे कांता’. मी म्हणायचो, ते म्हणू नका रे. ती म्हणायची, गुरुजी, तुम्हीच केलंय. वर्षभर ते गावातून फिरत होतं आणि आक्का ते ऐकत होत्या.

मग मी दुरुस्त करायला बसलो. ‘घरी’ काढून टाकायचं ठरवलं, कारण सगळा राग त्या शब्दावर. ‘भाकरी’ बसवून बघितली. ‘पायरी’ बसवून बघितली. ‘तरी’, ‘सरी’. प्रत्येक शब्द आपली गोष्ट घेऊन येत होता, आणि ती या दोघांची नव्हती. असे किती महिने गेले. एक दिवस शेतात पाणी धरलं होतं, बाऱ्या मोडत होतो, आणि आक्कांचं वाक्य तोंडात आलं. घरी तर ते होते. मी तिथंच थांबलो. पाणी पुढच्या वाफ्यात फुटून गेलं. अरे, आक्कांनी मला ‘घरी’ काढ असं म्हटलंच नव्हतं. त्यांनी सांगितलं होतं की घरी कोण होतं. शब्द बरोबर होता, मी तो चुकीच्या माणसाला लावला होता. घरी तो, पंढरीला ती. तेच यमक, तेच दोन शब्द, फक्त माणसांची अदलाबदल.

पुढच्या वारीत नातेपुत्यालाच, त्याच मुक्कामाला, जेवणं झाल्यावर मी नवं कडवं म्हटलं:

पाय थकलेले / विणेकरी घरी /
चालली पंढरी / पायी आक्का

यात कल्पना काही नाही. झालं ते आहे. तंबूत पहिल्यांदा कुणी काही बोललं नाही. मग टाळ वाजला, आणि सगळ्यांनी उचललं. दोन-तीन वेळा झालं. जुनं कडवं हळूहळू मागं पडलं. एकदम नाही, चार-पाच वर्षं लागली. गावातल्या ज्या बाया पाठीमागं बोलायच्या त्याच पुढं हे म्हणायला लागल्या. त्यांचं मन बदललं की तोंडाला नवं यमक बसलं, ते मला सांगता येणार नाही. मी तिथं फार खोलात जात नाही.

आक्का त्या रात्री चुलीपाशी उद्याची भाजी निवडत होत्या. मी जाऊन बसलो. म्हणालो, आक्का, आता बरोबर आहे का? त्यांनी मला पुन्हा म्हणायला लावलं. डोळे मिटून ऐकलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण जात्यावर बसून आयुष्यभर ओव्या केलेली बाई. मला एकदा म्हणाल्या होत्या, “आमी जुळवत न्हाई गुर्जी. जातं फिरतंया तवर पुढचं येतंया.” तर ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “समदं बराबर हाय. पर ‘पायी’ कशापायी? पायी तर समदीच जात्यात.”

मी हसलो, त्यापण हसल्या. आणि मग माझ्या लक्षात आलं की बाईनं पुन्हा बरोबर बोट ठेवलंय. ‘पायी’ ही माझी भरती होती. वर ‘पाय थकलेले’ आहे, त्याला खाली ‘पायी’ छान दिसतं म्हणून घातलेली. आणि गंमत बघा, चौथ्या चरणाला यमक लागतच नाही. तिथं तर मला कुणी ओढत नव्हतं. ‘घरी’च्या वेळी मी यमकावर ढकलून मोकळा झालो असतो, इथं सबबच नाही. चार अक्षरं. दोन ‘आक्का’ला गेली. राहिली दोन. त्या दोन अक्षरांत आक्का त्या वाटेवर कशा चालल्या ते आलं पाहिजे. ‘उगी’ बसवून बघितलं. ‘मुकी’ बघितलं, पण त्या मुक्या नव्हत्या, भजन म्हणत होत्या. ‘धीट’ बघितलं, ते परक्यानं दिलेल्या शाबासकीसारखं वाटतं. ‘तुळस’ आली असती तर सगळंच झालं असतं, पण तुळसला तीन लागतात.

आक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. आम्ही पुण्यतिथीला दोघांचं एकत्र म्हणतो, आणि अजून ‘पायी आक्का’च म्हणतो.

त्या वहीवाल्या मुलाला मी हेच सांगितलं, की तुझ्या आठ गाण्यांतला प्रत्येक ‘घरी’ काढ आणि प्रत्येकाला विचार, घरी कोण होतं. तो गेला आणि काल परत आला. आठातली पाच गाणी खोडली होती. एकात त्यानं त्याच्या आजीबद्दल लिहिलंय, गुडघे गेल्यामुळे ती आता येत नाही, तिथं ‘घरी’ ठेवलाय. मी म्हणालो, राहू दे.

आता हरिपाठ झालाय, पंगत बसायची आहे, वाढप्यांनी खुणा करायला सुरुवात केलीय. माझी दोन अक्षरं राहिलीत तेवढी तुमच्यापैकी कुणाला सुचली तर जेवणं झाल्यावर मी ओसरीवरच बसलेला असेन.

रामकृष्ण हरी.